जुन्या गाडीची मागची थरथर : खर्चापूर्वी कारण शोधा



ऊस विकास खात्याने गाडीच्या हौसिंगवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण घाटाखालच्या सभासदांकडे अजून जुन्या जीपा आहेत, एखाद्याच्या खळ्यात ॲम्बॅसिडरही आहे (तिचे उत्पादन २०१४ साली थांबले), आणि उसाच्या तक्रारीबरोबर हीही तक्रार आमच्या कानावर येते : "पन्नासपर्यंत गाडी ठीक, पुढे मागची सीट नुसती थरथरते." कोणीतरी एकदम क्राउन-पिनियन बदलायला सांगतो. पैसे जातात, थरथर तशीच.

आधी थरथर कशी आहे ते ओळखा. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ८. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या साडेचार पटीने, म्हणजे सेकंदाला ३७ फेरे फिरतो (ही पट गाडीगणिक थोडी बदलते). म्हणून चाकाचा दोष धडधड हलवतो, शाफ्टचा दोष घुमतो आणि पायाखालच्या पत्र्यातून मुंग्या आल्यासारखा जाणवतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करून पाहा. घाटात हा प्रयोग मुळीच करू नये. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. थांबली तर इंजिन, क्लच किंवा ओढीच्या वेळीच कुरकुरणारे जॉइंट पाहावे लागतील.

मग फुकटचे काम आधी. आपल्याकडची तांबडी माती पावसात रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून दगड होते. तेवढ्यानेही चाकाचा तोल जातो. रिम आणि शाफ्ट दोन्ही खरवडून धुवा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर एका जागी दबलेले असतात. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर थरथर कमी झाली तर तेच कारण. नाही तर मागची चाके पुढे लावून पाहा. दोष स्टिअरिंगमध्ये आला की हौसिंगला हात लावायचे कारण उरले नाही.

आता जॉइंट. हे आपल्या रोटाव्हेटरवरून चटकन समजते. बांधाला वळताना रोटाव्हेटर उचलला की शाफ्ट खडखडतो, कारण कोन वाढतो. क्रॉसने जोडलेला शाफ्ट कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा मंद होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक भरून काढतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही बेळक्या एका रेषेत हव्यात. शाफ्ट खोलून परत जोडताना सरकता भाग एक-दोन दाते चुकला तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. बेळक्या डोळ्यांनी पाहण्याला काही खर्च नाही. क्रॉसच्या टोपीशी तांबूस पूड दिसली, किंवा शाफ्ट हाताने पिळल्यावर खटका लागला, तर मात्र क्रॉस गेला.

कोन बिघडतो तो बहुधा पाट्यांमुळे. मालवण, देवगडच्या खाऱ्या हवेत यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट आतून गंजतात. सेंटर बोल्ट तुटला की हौसिंग सरकते. पाट्याच्या पुढच्या पिनेपासून हौसिंगपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. फरक पडला तर शोध तिथेच संपला. गिअरबॉक्सखालचे रबर बसले असेल तरीही कोन बदलतो. पाट्यांखाली पाचर असेल तर ती उलटी बसली नाही ना, हेही पाहावे.

खाली शिरण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा, आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका. काही जुन्या जीपांत हँडब्रेक शाफ्टवरच चालतो. मागची चाके उचलली की तो गाडी धरत नाही. याच कारणाने आम्ही हा विषय घेतला : अशा गाडीचा मागचा क्रॉस करूळ घाटात उतरताना तुटला, तर इंजिनाचा आवर आणि हँडब्रेक दोन्ही एकदमच जातात, शिवाय सुटलेला शाफ्ट खालच्या ब्रेकच्या नळीवर आपटू शकतो. थरथर वाढत असेल तर गाडी घाटात नेऊ नका, मग गव्हाण कितीही तातडीची असो.

एवढे करूनही थरथर राहिली तरच पिनियनचे बेअरिंग आणि वाकडा ॲक्सल पाहावा. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर एकासमोर एक खूण करून ठेवा, तसाच परत बसला पाहिजे. आणि शाफ्टवर झाळलेला लहानसा लोखंडी तुकडा दिसला तर तो तोलासाठी लावलेला असतो. घाण समजून कोणी छिन्नीने उडवू नये.