जुने कॅप्सूल-रोबो : शौक, संच आणि सौदा

व्यापार-उद्योगाच्या पानावर खेळण्यांविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु सातारा, कराड, सांगली, मिरज येथील घरांतही आता एखादा मुलगा मोबाईलवरून जपानचे जुने, अंगठ्याएवढे रोबो मागवताना दिसतो. वडीलधाऱ्यांना ही पैशाची नासाडी वाटते. उलट काही तरुणांना वाटते की आज घेतलेला नग उद्या दहापट दराने जाईल, म्हणून यातच भांडवल घालावे. दोन्ही मते अभ्यासाशिवाय बनवलेली आहेत. हा माल कोठून आला, त्याची किंमत कशी ठरते, तो कसा पारखावा आणि त्यात पैसा घालावा की नाही, याचा विचार या लेखात करू.

माल कोठून आला?

नाणे टाकून मूठ फिरवायची आणि आत काय आहे ते न दिसणारी गोल डबी खाली पडायची, अशी यंत्रे मुळात अमेरिकेची. १९६५ साली पेनी शोकाई या कंपनीने ती जपानमध्ये आणली. मूठ फिरण्याचा आवाज ‘गाचा’ आणि डबी पडण्याचा आवाज ‘पोन’. त्यावरून जपानी मुले या खेळण्याला गाचापोन म्हणू लागली. बंडाई ही मोठी खेळणी कंपनी १९७७ साली या धंद्यात उतरली. तिने दर ठेवला शंभर येन आणि त्या दरात बरा दर्जा दिला. आपल्या मालाला तिने ‘गाशापोन’ हे नाव घेतले.

१९८३ साली बंडाईने ‘किनकेशी’ काढले. हे एका जपानी चित्रकथेतील पहिलवानांचे एकरंगी रबरी नग. कुस्तीच्या आपल्या मुलुखाला सांगायला हरकत नाही की त्या मालिकेत चारशेहून अधिक प्रकारचे पहिलवान निघाले. त्यानंतर रोबोंची पाळी आली. ‘गंडम’ नावाची रोबोंची दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये १९७९ साली सुरू झाली होती. त्यातील रोबोंना मोठे डोके आणि आखूड हातपाय देऊन १९८५ साली बंडाईने त्यांचे छोटे नग यंत्रांत भरले. ही ‘एसडी गंडम’ मालिका. मुलांनी ते नग शाळेच्या दप्तरात टाकले, चिखलात खेळवले, हरवले. त्या पिढीची मुले आता पन्नाशीकडे आली आहेत, हातात पैसा आहे, आणि लहानपणी न मिळालेला नग ती शोधत आहेत. आजच्या मागणीचे पहिले कारण हेच आहे.

आपल्या शेजारची दोन उदाहरणे

बंद डबीतील खेळणे आपल्याला परके नाही. फलटणच्या शेजारी बारामतीला फेरेरो कंपनीचा कारखाना २०११ साली सुरू झाला. तेथे किंडर जॉय तयार होते. त्या अंड्याच्या एका अर्ध्या भागात खाऊ आणि दुसऱ्यात खेळणे असते, आणि कोणते खेळणे निघेल हे फोडल्याशिवाय कळत नाही. याच कंपनीची किंडर सरप्राईज अंडी १९७४ पासून युरोपात विकली जातात. जर्मनीत त्यांतील जुन्या छोट्या बाहुल्यांच्या किमतींचे कॅटलॉग छापले जातात.

दुसरे उदाहरण गोव्याचे. एमआरएफ कंपनीने अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीशी करार करून १९८७ साली फनस्कूल सुरू केली. तिच्या गोव्यातील कारखान्यातून जी. आय. जो हे सैनिक बाहेर पडले आणि गावोगावच्या खेळण्यांच्या दुकानांत लागले. येथील रंग आणि येथील छपाई अमेरिकेच्या मालापेक्षा वेगळी होती. आपल्याकडे ज्याला कोणी ‘रंग वेगळा आला’ म्हणून नाक मुरडले असते, तोच फरक आज परदेशी संग्राहकांना हवा आहे. एके काळी आपल्या बाजारात साधा असलेला माल दुसऱ्याच्या संग्रहातील रिकामी जागा भरतो, तेव्हा त्याची किंमत बदलते.

किंमत वयाला नाही, अपुऱ्या संचाला

या धंद्याचे मर्म एका हिशेबात आहे. समजा, एका मालिकेत १० प्रकारचे रोबो आहेत आणि यंत्रात सर्व सारख्या प्रमाणात आहेत. पहिली डबी नवीच निघेल. पण पुढे पुढे आधीच मिळालेले नग पुन्हा येऊ लागतात. नऊ मिळाल्यावर दहावा मिळवण्यासाठी सरासरी १० डब्या घ्याव्या लागतात. सगळा संच पूर्ण करण्यास सरासरी २९ डब्या लागतात. म्हणजे १० नगांसाठी २९ नगांचे दाम मोजले आणि १९ नग दुबार पडून राहिले.

यावरून तीन गोष्टी समजतात. पहिली, बाजारात सुटे, दुबार नग नेहमीच जास्त असतात, म्हणून ते स्वस्त असतात. दुसरी, पूर्ण संचाची किंमत सुट्या दहा नगांच्या बेरजेपेक्षा जास्त का असते ते कळते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गिऱ्हाईक खरी किंमत देतो ती शेवटच्या, अडलेल्या नगाला. कापड व्यापाऱ्याला हे सांगायला नको. लग्नाच्या आहेरासाठी एकाच रंगाच्या बारा साड्या हव्या असतील आणि अकरा मिळाल्या, तर बारावीसाठी गिऱ्हाईक भाव करत नाही. पण तीच साडी एरवी फडताळात वर्षभर पडून राहते.

म्हणून ‘जुना आहे, महाग असणार’ हा समज मनातून काढावा. १९८५ चा असूनही सर्वांकडे असलेला रोबो स्वस्तच राहतो. शिवाय कंपनी जुने नाव पुन्हा बाजारात आणू शकते. किनकेशी पुढे नव्याने निघाले आहेत. नवा माल आला की जुन्या साध्या नगांची ओढ कमी होते.

नग कसा पारखावा?

खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर देशभर सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. कोणाच्या शब्दावर ते सोन्याचा भाव करीत नाहीत, कस पाहतात. या मालाचाही कस पाहावा लागतो :

१) खूण : पाठीवर किंवा पायाखाली कंपनीचे नाव आणि हक्काची खूण असते. ती स्पष्ट हवी.

२) माप : खऱ्या नगावरून साचा घेऊन नकली नग ओतला, तर थंड होताना माल आकसतो. त्यामुळे नक्कल किंचित लहान भरते आणि बारीक रेघा बुजतात. खात्रीचा एक नग शेजारी ठेवून मोजले की फरक दिसतो.

३) सुटे भाग : हत्यार, ढाल, शिंग हे भाग सर्वांत आधी हरवतात. ते नसतील तर नग अपुरा समजावा.

४) कागद : डबीत घडी घातलेले छोटे पत्रक असते. पत्रकासह नग वेगळ्या दराने जातो.

५) रंग : उन्हाने पिवळे पडलेले प्लास्टिक, पेनाच्या खुणा, नंतर दिलेला रंग, हे सर्व ऐब विक्रेत्याने सांगितले पाहिजेत आणि खरेदीदाराने विचारले पाहिजेत.

नकली मालाबाबत जपानचाच एक दाखला आहे. १९८० च्या दशकात कॉसमॉस नावाच्या कंपनीची यंत्रे गल्लोगल्ली होती. नामांकित मालाच्या नकला विकण्यासाठी ती प्रसिद्ध होती. १९८८ साली तिचे दिवाळे निघाले. आज त्या नकलाही काही लोक गंमत म्हणून जमवतात. पण नक्कल म्हणून सांगून विकणे वेगळे आणि अस्सल म्हणून विकणे वेगळे.

साठवण

येथे कापड व्यापाऱ्याच्या सवयी आड येतात. आपण कपाटात डांबरगोळ्या टाकतो. त्या नॅफ्थलीनच्या असतात आणि त्यांच्या वाफेने कडक प्लास्टिकचे काही प्रकार मऊ पडतात. रोबोंच्या डब्यात त्या कधीही ठेवू नयेत. साड्यांच्या मऊ, चकचकीत पीव्हीसी पिशव्याही टाळाव्यात. पीव्हीसी मऊ करण्यासाठी घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते, नग चिकट होतात आणि एकमेकांना डागतात. मऊ रबरी नग कडक प्लास्टिकच्या नगाला लावून ठेवला, तर कडक नगावर खड्डा पडतो. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत प्रत्येक नग वेगळा ठेवावा. महाबळेश्वर-पाचगणीकडे आणि पाटण खोऱ्यात पावसाळ्यात पत्रकांना बुरशी लागते. तेथे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. ऊन लागेल अशा काचेच्या कपाटात मांडणी करू नये.

भांडवलाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. समजा, एका तरुणाने १०० जुन्या नगांचा लॉट सर्व खर्च धरून २०,००० रुपयांना घेतला. सरासरी नग २०० रुपयांना पडला. त्याने असे दर मांडले :

साधे, दुबार ६० नग, प्रत्येकी १०० : ६,००० रु.
मध्यम ३० नग, प्रत्येकी २५० : ७,५०० रु.
चांगले ८ नग, प्रत्येकी ७०० : ५,६०० रु.
दुर्मिळ २ नग, प्रत्येकी २,५०० : ५,००० रु.

एकूण विक्री २४,१०० रुपये. कागदावर ४,१०० रुपये नफा दिसतो. पण दलाली, टपाल आणि बांधणी मिळून विक्रीच्या १५ टक्के धरले, तर ३,६१५ रुपये गेले आणि हातात ४८५ रुपये राहिले. तेही सर्व नग विकले गेले तर. साध्या नगांपैकी ३० पडून राहिले, की २,०६५ रुपयांचा तोटा. कटपीसच्या गठ्ठ्याचा धंदा केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. चांगले तुकडे पहिल्या दिवशी जातात, उरलेले वर्षभर जागा अडवतात. सरासरी दराने घेतलेला माल सरासरी दराने विकला जात नाही.

परदेशातून माल आणणाऱ्याने सरकारी नियमही पाहावेत. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. त्यावर इतर कर असतात. पुढे दरांची मांडणी बदलू शकते, म्हणून माल मागवण्याआधी कस्टम एजंटाकडून त्या दिवसाचा आकडा लेखी घ्यावा. तसेच १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. खूण नसलेला माल मुलांची खेळणी म्हणून दुकानात मांडता येत नाही. या बाबतीत सल्ल्याशिवाय पाऊल टाकू नये.

बंद डबीचा सवाल

काही वाचक विचारतील, आत काय आहे हे माहीत नसताना पैसे देणे हा जुगार तर नव्हे? अज्ञात मालाच्या सौद्याला फिकहमध्ये गरर म्हणतात. ज्याला बंद डब्यांचे यंत्र बसवायचे असेल, त्याने हा मसला आधी जाणकार आलिमांसमोर ठेवावा. जुन्या मालिकेच्या सौद्यात मात्र डबी केव्हाच उघडलेली असते. सांगलीच्या बाजारात हळद कशी विकली जाते ते पाहा. व्यापारी हळकुंड हातात घेतो, मोडून आतला रंग पाहतो, मगच बोली लावतो. तसा नग सर्व बाजूंनी दाखवावा, ऐब आधी सांगावा, मग दर ठरवावा. अनोळखी गिऱ्हाईक दूरवरून पैसे पाठवतो तेव्हा त्याच्याजवळ आपल्या शब्दाशिवाय दुसरे काही नसते. एकदा ऐब लपवला की त्या छोट्या वर्तुळात आपले नाव जाते आणि पुन्हा येत नाही.

काय करावे?

तरुणांनी एकच मालिका निवडावी, तिच्या सर्व नगांची यादी करावी आणि वर्षभर फक्त दर लिहून ठेवावेत. विक्रेता मागतो तो दर नव्हे, प्रत्यक्षात सौदा झाला तो दर. खरेदी करायचीच तर दुबार नग देऊन अडलेला नग घेण्याची अदलाबदल आधी करावी. त्यात भांडवल अडकत नाही. दुकानाचे किंवा कर्जाचे पैसे यात घालू नयेत. शौकाची वही वेगळी ठेवावी.

जुन्या किराणा, स्टेशनरी आणि खेळण्यांच्या दुकानदारांनी माळा साफ करताना १९८० आणि १९९० च्या दशकांतील उरलेला माल भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी वेगळा काढावा. खोके, पत्रक, कार्ड फाडू नये, पुसू नये. प्रत्येक प्रकाराचे नाव, कंपनी, संख्या आणि ऐब कागदावर लिहावेत, फोटो काढावेत आणि जाणकाराला दाखवावेत. बहुतेक मालाला विशेष दर येणार नाही. पण एखाद्या खोक्यात कोणाचा तरी अडलेला दहावा नग असेल, तर तो किलोच्या भावाने जाऊ नये.