सान्निध्य आणि संधी



हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे तंतू कोणत्या चेतापेशींपाशी जातात हे तपासण्याचे काम मृण्मयीने हाती घेतले आहे, तेव्हा एक गोष्ट तिने आरंभीच मनाशी पक्की धरावी. तंतू पेशीला टेकलेला दिसला, एवढ्यावरून तेथे चेतासंधी, म्हणजे एका पेशीचा संदेश दुसरीला मिळण्याची नेमकी जागा, आहे असे लिहू नये. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत आणि चेतासंधीतील फट जेमतेम २० नॅनोमीटरची असते. त्यामुळे डोळ्यांना जो स्पर्श वाटतो तो पुष्कळदा केवळ शेजार असतो.

हे तंतू निघतात ते मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवरील राफे केंद्रकांतून, म्हणजे चेतापेशींच्या लहान पुंजक्यांतून. १९६४ साली स्वीडनमध्ये डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी फॉर्माल्डिहाइडच्या वाफेने उंदराच्या मेंदूतील या पेशी पिवळ्या उजळवून त्यांचा नकाशा मांडला, आणि तो पिवळा उजेड निरखता निरखताच फिका पडत असल्याने पाहणाऱ्याला घाई करावी लागे.

तंतूंच्या दोन जाती मात्र सावकाश पाहाव्यात. या केंद्रकांपैकी पृष्ठ राफेतून येणारे तंतू बारीक असून त्यांवरील फुगवटे लहान व वेडेवाकडे असतात, तर मध्य राफेतून येणाऱ्या तंतूंवर टपोरे, गोल मणी ओवल्यासारखे दिसतात आणि हे तंतू काही पेशींभोवती टोपलीसारखे विणले जातात. १९९० साली हंगेरीतील तामाश फ्रॉइंड आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले की या मण्यांच्या खऱ्याखुऱ्या चेतासंधी आहेत, पण त्या निवडक निरोधक पेशींवर, म्हणजे इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींवर. कॅल्बिंडिन हे प्रथिन असलेल्या पेशी हे तंतू निवडतात, पार्व्हाल्ब्युमिन असलेल्या टाळतात. इतकी पारख ज्या तंतूंना आहे, त्यांना मेंदूवर सरसकट केलेला शिडकावा म्हणणे अन्यायाचे ठरते.

तरीही उलट चूक होऊ नये. बारीक तंतूंच्या अनेक फुगवट्यांना चेतासंधी नसतेच. तेथून सुटलेले सेरोटोनिन भोवतालच्या द्रवात पसरते आणि ज्या पेशीवर त्याचा ग्राही, म्हणजे ते रसायन ओळखणारे प्रथिन, असेल तिच्यावर परिणाम करते. मुख्य पिरॅमिडी पेशींवरील १ए प्रकारचा ग्राही पोटॅशियमच्या वाटा उघडून पेशीला शांत करतो, तर काही निरोधक पेशींवरील ३ प्रकारचा ग्राही त्यांना तत्काळ चेतवतो. म्हणून तंतूंबरोबर ग्राहीही रंगवावेत. शिवाय तंतू दाट असतील तेथे काही मणी निव्वळ योगायोगानेही पेशीला टेकतात, तेव्हा पेशींच्या जागा संगणकावर मुद्दाम हलवून टेकलेल्या मण्यांची मोजणी पुन्हा करावी, दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहावेत आणि इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने खात्री होईतोवर 'संधी' न म्हणता 'सान्निध्य' हाच शब्द वापरावा.