प्रिंटच्या पाठीवर काय लिहावं

बेटा, टिपेश्वरच्या वाघाचे तुझे फोटो प्रदर्शनात लागणार, ऐकून फार बरं वाटलं. यवतमाळात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातून कळलेल्या गोष्टी आता तुझ्या हाती देतो.

साधं नाव दे. इंकजेट मशीनवर काढलेल्या प्रिंटला इंकजेट प्रिंटच म्हण. 'जिक्ले' हा शब्द १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्समध्ये जॅक डुगॅन यांनी काढला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ फवारणे, पिचकारी मारणे. म्हणजे इंकजेटचंच काम, नाव तेवढं फ्रेंच. गिऱ्हाईक त्या नावाचे जास्त पैसे देत असेल, तर ते त्याला न कळल्यामुळे देतंय.

शाई सांग. डाय शाई उजेडात लवकर उडते, पिगमेंटची पुष्कळ जास्त टिकते. एका लग्नाचा मोठा फोटो मी डाय शाईत काढून 'कायमचा' म्हणून दिला होता. त्यांनी तो खिडकीसमोर टांगला. दोन उन्हाळ्यांत नवरीचा शालू फिका पडला. मी दुसरा काढून दिला, पण त्या घरातून पुन्हा काम आलं नाही.

कागद सांग. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंचाही उत्तम कागद होतो. तसा असेल तर 'कापसाचा' लिही, लाकडाच्या लगद्याचा असेल तर तसं. नुसतं 'म्युझियम क्वालिटी' लिहिल्यानं काहीच कळत नाही.

ब्रोमाइडचं नाव उसनं घेऊ नको. लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये उमटतो तो ब्रोमाइड. माझी जुनी निगेटिव्ह स्कॅन करून छापलीस, तर तो इंकजेटच. निगेटिव्हचं साल वेगळं लिही, प्रिंटचं वेगळं.

छापील असण्याची लाज नको. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. दगडावरून छापलेली ती चित्रं लोक आजही ओलिओग्राफ म्हणूनच जपतात. त्यांना तैलचित्र म्हणावं लागत नाही. कॅनव्हासवर छापून वरून ब्रशनं पारदर्शक जेलचे फटकारे मारणार असशील, तर तेही लिही.

आकडा पाळ. दहा प्रती म्हटल्या की दहाच. मोठ्या साइजमध्ये पुन्हा काढणार असशील, तर पहिली विकण्याआधी सांग. वहीत नंबर आणि तारीख टाक.

यार्डात व्यापारी कापसाच्या ढिगात खोल हात घालून ओल पाहतो, वरच्या पांढऱ्या थरावर भाव ठरवत नाही. प्रिंट घेणाऱ्याला असा हात घालता येत नाही. काचेआडून त्याला ना शाई ओळखता येते, ना कागद. म्हणून आतलं जे आहे ते आपणच बाहेर काढून दाखवायचं. फ्रेमला जाण्याआधी प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं लिही:

पिगमेंट इंकजेट प्रिंट. कापसाचा कागद, ३०८ ग्रॅम. फोटो २०२३, प्रिंट २०२५. प्रत ३/१०.

आणि खाली सही कर.