वातवक्षाचा रुग्ण आणि वैद्य

उंच, कृश बांध्याचा, बहुधा धूम्रपान करणारा तरुण एका बाजूच्या पार्श्वशूलाची तक्रार घेऊन चिकित्सालयात येतो. वेदना अकस्मात, पुष्कळदा बसल्या जागी सुरू झालेली असते. श्वास किंचित अपुरा पडतो. वातज पार्श्वशूल समजून स्नेहन-स्वेदन योजण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि अशा रुग्णाच्या छातीला तेल लागण्यापूर्वी वैद्याची बोटे व स्टेथोस्कोप लागला पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आकोटन केले असता दुखऱ्या बाजूस पोकळ, घुमणारा ध्वनी मिळाला आणि तेथेच श्वसनध्वनी क्षीण असले, तर न्यूमोथोरॅक्स म्हणजेच वातवक्षाची शंका घेऊन त्वरित छातीचा एक्स-रे काढावा. हवा अल्प असता ही चिन्हे मिळत नाहीत. तेव्हा केवळ वृत्तावरूनही एक्स-रे काढणे योग्य. श्वासकष्ट झपाट्याने वाढत असून नाडी अतिवेगवान, रक्तदाब घसरलेला आणि श्वासनलिका विरुद्ध बाजूस सरकलेली आढळल्यास मात्र एक्स-रेसाठीही न थांबता ऑक्सिजन देत रुग्णालयात न्यावे.

या विकारात फुफ्फुसाच्या शिखराजवळील वायुपुटके फुटून हवा आवरणाच्या पोकळीत शिरते व फुफ्फुस आक्रसते. काही जण यास उरःक्षत म्हणतात. परंतु क्षतक्षीणात चरकांनी सांगितलेले अतिभारवहनादी हेतू येथे बहुधा सापडत नाहीत, सरक्त कफही सहसा नसतो. हे समीकरण आम्हास ओढूनताणून केलेले वाटते. प्राणवह स्रोतसाची विकृती एवढे म्हणणे पुरे. गुल्मात शस्त्रसाध्य अवस्था येताच चरक रुग्ण धान्वंतरीयांकडे सोपवतात. सुईने हवा काढणे वा बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याखाली सोडणे हे कामही त्यांचेच.

सर्वच रुग्णांना नळी लागते असे नाही. साठलेली हवा आपोआप शोषली जाते. वेग दररोज वक्षार्धाच्या आयतनाच्या १.२५ ते २.२ टक्के. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रथमच मध्यम वा मोठा वातवक्ष झालेल्या, अन्यथा निरोगी रुग्णांपैकी निरीक्षणाखाली ठेवलेल्या गटात, ज्यांची माहिती उपलब्ध होती अशांतील सुमारे ९४ टक्के जणांचे फुफ्फुस आठ आठवड्यांत पूर्ववत झाले. म्हणूनच आपण चूर्ण दिले आणि महिन्याने एक्स-रे निर्दोष आला, तर श्रेय चूर्णास देता येत नाही. रुग्णवृत्त लिहिणाऱ्या वैद्यांनी हवेचे प्रमाण, एक्स-रेच्या तारखा व रुग्णालयातील उपचार नोंदवावेत. त्यांवाचून ते वृत्त निरुपयोगी होय.

आपले क्षेत्र त्यानंतरचे, आणि ते लहान नाही. नळीच्या व्रणाची वेदना असताना खोकणे व कुंथणे क्लेशकारक ठरते. कासात सितोपलादी व ज्येष्ठमध, मलावष्टंभात हरीतकी आम्ही योजतो. कृश रुग्णास दूध-तूपयुक्त बृंहण आहार द्यावा. खरा भर मात्र धूम्रपान सोडवण्यावर असावा, कारण सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत विकार उलटतो आणि धूम्रपान चालू राहिल्यास ती शक्यता वाढते. पुनरावृत्ती झाल्यास शस्त्रकर्माचा विचार शल्यतज्ज्ञांवर सोपवावा.

प्राणायामाबाबत सावध राहावे. कपालभातीनंतर वातवक्ष झालेल्या तरुण स्त्रीचे वृत्त २००४ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात आले होते. भस्त्रिका, कपालभाती व दीर्घ कुंभक आम्ही वर्ज्य सांगतो. विमानप्रवास फुफ्फुस पूर्ण फुगल्याची एक्स-रेवर खात्री झाल्यावर किमान आठवड्याने करावा. तारकर्लीस स्कूबा डायव्हिंगची हौस असलेल्या तरुणास मात्र नकारच द्यावा लागतो. दोन्ही बाजूंचे निर्णायक शस्त्रकर्म झालेले नसल्यास ती मनाई आयुष्यभराची आहे.