तिवोलीच्या बागेत

डेन्मार्क हा उत्तर युरोपातील एक लहानसा देश आहे. कोपनहेगन ही त्याची राजधानी. या शहराच्या अगदी मध्यभागी, मुख्य रेल्वे स्थानकाजवळ, तिवोली नावाची एक जुनी करमणुकीची बाग आहे. गेऑर्ग कार्स्टेन्सन या उद्योगी गृहस्थाने राजा आठवा क्रिश्चन याची परवानगी मिळवून ती उभारली आणि १५ ऑगस्ट १८४३ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. त्या काळी शहराभोवती तट व खंदक होते. ते पुढे नाहीसे झाले. परंतु खंदकाचा एक भाग आजही बागेतील तळ्याच्या रूपाने उरला आहे.

या बागेने वाईट दिवसही पाहिले आहेत. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. १९४४ सालच्या जून महिन्यात शत्रूच्या हस्तकांनी येथे स्फोट घडवून आणले. संगीतगृहासह अनेक इमारती जळून गेल्या. तरी लोकांनी धीर सोडला नाही. काही आठवड्यांतच बाग पुन्हा उघडली व मुलांच्या हसण्याने गजबजून गेली.

२०२३ सालच्या जून महिन्यात सातारा जिल्ह्यातील एक वृद्ध दांपत्य ही बाग पाहावयास गेले. गृहस्थांची सारी हयात एस.टी.च्या आगारात गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांना सर्वजण ‘मिस्त्री’ म्हणत. त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना गावात सर्वजण ‘बाई’ म्हणत. दोघांनी वर्षानुवर्षे थोडेथोडे पैसे साठवले होते आणि त्यांतून ही युरोपची यात्रा घडत होती.

तिवोली पाहावी ही इच्छा मुळात बाईंची. हान्स क्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाच्या परीकथा त्यांनी अनेक वर्षे वर्गात सांगितल्या होत्या. बाग उघडली त्याच वर्षी अँडरसन येथे आला होता आणि नाइटिंगेल पक्ष्याची आपली प्रसिद्ध गोष्ट त्याने त्याच सुमारास लिहावयास घेतली. बागेतील मूकनाट्याच्या रंगमंदिराविषयीही बाईंनी वाचले होते. १८७४ साली बांधलेल्या या रंगमंदिराचा पडदा म्हणजे पिसारा फुलवलेला एक भव्य मोर आहे. खेळ सुरू होताना मोर आपला पिसारा मिटतो आणि रंगमंच दिसू लागतो. तो पिसारा मिटताना एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढेच बाईंचे मागणे होते.

प्रवेशाचे पैसे निराळे आणि पाळण्यांचे निराळे, असा तेथील नियम आहे. ती रक्कम रुपयांत करून पाहताच बाई थबकल्या. “मी काही कशात बसणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकदा बसा. मग आपण मोर पाहू.”

आत शिरताच ८० मीटर उंचीचा फिरता पाळणा दिसला. वर गरगरणारी माणसे पाहून मिस्त्रींनी नुसतेच कानाला हात लावले. परंतु थोडे पुढे गेल्यावर ते एकदम थांबले. समोर लाकडी मार्गावरून चढउतार करीत धावणारी जुनी गाडी होती. ती १९१४ सालापासून चालू आहे. आजकालच्या अशा गाड्या यंत्राच्या योजनेने आपोआप थांबतात. या गाडीत मात्र एक मनुष्य प्रवाशांबरोबरच बसतो आणि उतारावर वेग वाढला म्हणजे हाताने ब्रेक लावतो.

“अगं, याला तर ब्रेकवाला आहे!” मिस्त्री लहान मुलासारखे उद्गारले. घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक ज्यांनी आयुष्यभर तपासले, त्यांचे पाय तेथून निघेनात. ते एकदा बसून आले. मग कुंपणाशी उभे राहून ब्रेकवाला कोठे दांडा ओढतो आणि कोठे सोडतो, हे निरखू लागले. नंतर पुन्हा तिकीट काढून रांगेत उभे राहिले. परक्या देशात चुकामूक नको म्हणून बाई बाकावर त्यांची वाट पाहत बसल्या. त्यांनी दोनदा हाक मारली. “आलोच!” असे दोनदा उत्तर आले.

अखेर दोघे रंगमंदिरापाशी पोहोचले, तेव्हा प्रेक्षक परतत होते. खेळ नुकताच संपला होता. मोर पिसारा फुलवून उभा होता. पुढचा खेळ संध्याकाळी होता. दोघांनी समोरच जागा धरली. पण त्या सुमारास आभाळ भरून आले आणि सरी कोसळू लागल्या. तेथे प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नसते. थोड्याच वेळात खेळ रद्द झाल्याचे सांगण्यात आले.

“आपल्याकडे पाऊस आला म्हणजे मोर पिसारा फुलवतो,” बाई हळूच म्हणाल्या. “येथे पाऊस आला आणि मोराने पिसारा मिटलाच नाही.”

मिस्त्रींना काही सुचेना. “उद्या येऊ,” ते म्हणाले.

“उद्या पहाटे आपली गाडी निघणार. एवढ्या दूर येऊन मी एकच गोष्ट मागितली होती, अहो.”

बाईंचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो मिस्त्रींच्या अधिक जिव्हारी लागला. ते म्हणाले, “चूक माझी आहे. तू हाक मारलीस, तेव्हाच मी यावयास हवे होते.” त्यांनी कोणतीही सबब सांगितली नाही. बाईही लगेच काही बोलल्या नाहीत. दोघे एका छपराखाली पाऊस थांबण्याची वाट पाहत राहिले.

सात वाजले, आठ वाजले. निदान दिव्यांची रोषणाई तरी पाहून जाऊ, असे दोघांनी ठरवले. परंतु अंधार काही पडेना. उत्तरेकडील देशांत उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो. कोपनहेगनला जून महिन्यात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. हा धडा बाईंनी कितीतरी वर्गांना शिकवला होता. पण मनातले घड्याळ अजून साताऱ्याचेच होते. हे ध्यानात येताच त्यांना हसू आले.

हसू आले आणि अबोला सुटला. मिस्त्रींनी ती पक्ष्याची गोष्ट विचारली. बाई सांगू लागल्या. चीनच्या सम्राटाला रानातल्या नाइटिंगेलचे गाणे फार आवडे. पुढे त्याला रत्नांनी मढवलेला यंत्राचा पक्षी मिळाला आणि खऱ्या पक्ष्याची किंमत उरली नाही. पण सम्राट मरणाच्या दारी असताना यंत्र मुके राहिले. खरा पक्षी मात्र आपण होऊन परत आला आणि त्याच्या गाण्याने सम्राटाचे प्राण वाचले.

मिस्त्री मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, “यंत्र वाईट नसते गं. पण त्याच्यापाशी जपणारा हात हवा. त्या ब्रेकवाल्याकडे पाहताना मला हेच वाटत होते. गाडीतली मुले ओरडत असतात, हसत असतात. त्याचे लक्ष मात्र उतारावर असते.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. आगारातून रात्री उशिरा तेलकट कपड्यांनी परतणाऱ्या या माणसाने आपल्या कामाविषयी एवढे कधी बोलून दाखवले नव्हते.

दहा वाजून गेले आणि बाग उजळली. झाडांतून, कमानींवरून, इमारतींच्या कडांवरून दिव्यांच्या माळा लखलखू लागल्या. जुन्या खंदकाच्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबे थरथरत होती. दोघे बराच वेळ तळ्याकाठी उभे राहिले.

परतताना ते पुन्हा रंगमंदिरावरून गेले. मोर तसाच, पिसारा फुलवून उभा होता. बाई क्षणभर थांबल्या. त्यांना हळहळ वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही. “राहून गेले ते राहूनच गेले,” त्या म्हणाल्या. “पण चला, तुमच्या ब्रेकवाल्याची गोष्ट आता मला नीट सांगा. गावी गेल्यावर मुलांना सांगावयास हवी.”

स्वाध्याय

१. तिवोलीच्या बागेतील तळे कसे निर्माण झाले?
२. मिस्त्रींचे पाय लाकडी गाडीपासून का निघेनात?
३. “तो पिसारा मिटताना एकदा डोळ्यांनी पाहावा” ही बाईंची इच्छा का पूर्ण झाली नाही?
४. मिस्त्रींनी सबब न सांगता चूक कबूल केली. त्याचा काय परिणाम झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. इतरांच्या सुखासाठी लक्षपूर्वक काम करणाऱ्या तुमच्या परिसरातील एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.