‘विषारी’ ही कितवी पायरी? मिथिल आयसोसायनेटच्या धोक्यांचे वर्गीकरण आणि आपले मराठी शब्द

साप विषारी, धूर विषारी, दारू विषारी, प्रचारही विषारी. बोलण्यात या एका शब्दावर आपले भागते. पण तोच शब्द रसायनाच्या पिंपावर छापला की वाचणाऱ्याला फारसे काही कळत नाही. शरीरात कोणत्या वाटेने गेले तर? किती गेले तर? किती वेळात? आणि विषाखेरीज या द्रव्यात आणखी काय दडले आहे? रसायनांच्या धोक्यांचे वर्गीकरण म्हणजे या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देण्याची शिस्त. ती मराठीत आणताना कुठे अडते, हे एकाच रसायनाच्या आधारे पाहू. ते रसायन म्हणजे मिथिल आयसोसायनेट. मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

ओळख आहे खरी, पण ती ‘गॅस’ म्हणून. वर्गीकरणाची पहिली पायरी इथेच चुकते. मिथिल आयसोसायनेट हा साठवणीत द्रव असतो. रंगहीन, उग्र वासाचा, सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळणारा. म्हणजे इंदूरच्या मे महिन्यातल्या दुपारी उघड्या भांड्यात तो उकळेल. भोपाळच्या कारखान्यात मिथिलअमाइन आणि फॉस्जीन यांच्यापासून तो तयार होई आणि पुढे त्यापासून कार्बारिल हे कीटकनाशक बनवले जाई. बाजारात त्याचे नाव सेव्हिन. ‘द्रव’ म्हटले की टाकी, तापमान आणि गळती यांचा विचार सुरू होतो. ‘गॅस’ म्हटले की तो सुटल्यानंतरचाच विचार होतो.

आता विषाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली रसायनांच्या वर्गीकरणाची जी जागतिक पद्धत प्रसिद्ध केली, तिला जीएचएस म्हणतात. तीव्र विषारीपणा ती तीन वाटांनी वेगवेगळा मोजते: तोंडावाटे, त्वचेवाटे, श्वासावाटे. प्रत्येक वाटेला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचे वाक्य ठरलेले आहे. पहिल्या दोन पायऱ्यांना ‘प्राणघातक’, तिसरीला ‘विषारी’, चौथीला ‘अपायकारक’. म्हणजे आपण ज्या शब्दाला टोकाचा समजतो तो या पद्धतीत तिसऱ्या पायरीवर आहे! युरोपच्या अधिकृत यादीत मिथिल आयसोसायनेटपुढे ‘श्वासावाटे गेल्यास प्राणघातक’, ‘गिळल्यास विषारी’ आणि ‘त्वचेला लागल्यास विषारी’ अशी तीन विधाने शेजारीशेजारी आहेत. पदार्थ एकच, पायऱ्या दोन. पायरी पदार्थाला नसते, वाटेला असते. मराठी अनुवादात या तिन्ही ठिकाणी ‘अत्यंत विषारी’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. वाचायला ते जोरकस वाटते, पण त्यातली माहिती गेलेली असते.

पायरी कशी ठरते, हे विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः करून पाहावे. उंदरांवरील प्रयोगात सहा तास श्वसन केल्यावर निम्मे उंदीर मरतील असे प्रमाण ६.१ पीपीएम आढळले, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सहाच्या आसपास. या द्रव्याचा रेणुभार ५७. पंचवीस अंशांना एक मोल वायू सुमारे २४.४५ लिटर जागा व्यापतो. ६.१ ला ५७ ने गुणून २४.४५ ने भागले की घनमीटरला सुमारे १४ मिलिग्रॅम येतात, म्हणजे लिटरला ०.०१४ मिलिग्रॅम. पायऱ्या चार तासांच्या मापावर आखलेल्या आहेत, म्हणून आकडा थोडा वाढवून ०.०२ धरू. वाफेसाठी पहिल्या पायरीची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. आपला आकडा तिच्या पंचविसाव्या हिश्शाइतका आहे. पहिली पायरी निःसंशय.

तरीही युरोपच्या यादीत श्वासापुढे दुसरी पायरी छापलेली दिसते, आणि तिच्यावर एक तारा आहे. जुन्या पद्धतीतील वर्गीकरण नव्या चौकटीत उतरवताना ‘किमान इतके तरी’ असे सांगणारी ती खूण आहे. हाताशी अधिक नेमकी माहिती असेल तर कडक पायरी लावायची असते. अनुवादक हा तारा हमखास गाळतात. एवढ्याशा खुणेचे काय, असे वाटणे साहजिक आहे, पण ‘किमान’ हा सगळा अर्थ तिच्यातच आहे.

आगीच्या बाजूने हिशेब सोपा आहे. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते तो ज्वलनांक तेवीस अंशांच्या खाली असेल आणि द्रव पस्तीस अंशांच्या वर उकळत असेल तर दुसरी पायरी. मिथिल आयसोसायनेट शून्याखालीच पेट घेऊ शकतो आणि एकोणचाळीसला उकळतो. चार अंश आधी उकळला असता तर तो पहिल्या पायरीवर गेला असता. भोपाळच्या आठवणीत विषाने सगळी जागा व्यापली आहे, त्यामुळे हा पदार्थ पेट्रोलसारखा भडकणारा आहे हे सहसा सांगितले जात नाही.

शिक्षकांसाठी इथे एक खड्डा आहे. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेचा चौकटीचा हिरा पुष्कळ टाक्यांवर रंगवलेला असतो: निळ्यात आरोग्य, तांबड्यात आग, पिवळ्यात अस्थिरता. मिथिल आयसोसायनेटचे आकडे अनुक्रमे चार, तीन, दोन. या हिऱ्यात चार म्हणजे सर्वांत वाईट. जीएचएसमध्ये एक म्हणजे सर्वांत वाईट. दोन्ही पद्धती एकाच तासात शिकवल्या आणि ही उलटापालट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली नाही, तर मुले चौथ्या पायरीच्या पदार्थाला घाबरतील आणि पहिल्या पायरीच्या पदार्थाला हात लावतील.

हिऱ्याच्या चौथ्या, पांढऱ्या घरात इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर मधून आडवी रेघ मारून काढलेले असते. अर्थ: पाण्याशी भयंकर वागतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरले. आत सुमारे चाळीस टन द्रव होता. पाण्याशी क्रिया होऊन उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण झाले, उष्णतेने रेणू एकमेकांशीच जोडले जाऊ लागले, त्यातून आणखी उष्णता निर्माण झाली. टाकीतले तापमान दोनशे अंशांच्या वर गेले आणि द्रव वाफ होऊन बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधी काही महिन्यांपासून बंद होती.

पण ‘पाणी धोकादायक’ एवढेच मराठीत उतरवले तर नवा अनर्थ होतो. बाहेर पडलेली वाफ खाली बसवण्यासाठी पाण्याचाच फवारा मारतात. त्या रात्रीही मारला होता, पण वाफ निघत होती त्या उंचीपर्यंत तो पोचला नाही. डोळे धुवायचे ते पाण्यानेच. नाकातोंडावर धरायचा तो ओलाच कपडा. साठ्यात शिरलेले थोडे पाणी आग लावते आणि माणसापाशी असलेले भरपूर पाणी त्याला वाचवते. एका रेघ मारलेल्या अक्षरात हा भेद मावत नाही. तो वाक्यानेच सांगावा लागतो, आणि वाक्य लिहिणे हे आपले, भाषेच्या माणसांचे काम आहे.

आणखी दोन गुण वर्गीकरणाच्या पायऱ्यांत बसत नाहीत. एक, ही वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असते. म्हणून ती जमिनीलगत पसरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला आधी गाठते. दुसरा, वास. आठ तासांच्या कामासाठी सुरक्षित मानलेली मर्यादा ०.०२ पीपीएम आहे, आणि माणसाच्या नाकाला वास येतो तो दोन पीपीएमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट झाल्यावर. ‘वास आला की सावध व्हा’ ही स्वयंपाकाच्या गॅसची सूचना इथे लागू नाही.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द आपण एकमेकांऐवजी वापरतो. ते वेगळे ठेवावेत असा माझा आग्रह आहे. धोका हा पदार्थाचा गुण, तो टाकीत कुलूप लावून ठेवला तरी तितकाच असतो. जोखीम ठरते ती किती साठा, किती जवळ वस्ती, किती देखरेख यांवर. वर्गीकरण फक्त धोका सांगते. युरोपच्या सेव्हेसो निर्देशात मिथिल आयसोसायनेटचा १५० किलो साठासुद्धा मोठ्या अपघाताची तयारी ठेवण्यास पुरेसा मानला आहे. भोपाळमधील एका टाकीत चाळीस टन होते. पदार्थाची पायरी दोन्हीकडे तीच, जोखमीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर.

लेबलावरच्या एकेरी इशारा-शब्दांची गोष्ट तर मजेदार आहे. जीएचएसमध्ये असे दोनच शब्द आहेत: इंग्रजी ‘डेंजर’ गंभीर पायऱ्यांसाठी आणि ‘वॉर्निंग’ सौम्य पायऱ्यांसाठी. आपल्या कीटकनाशकांच्या डब्यांवर मात्र रंगीत त्रिकोणांची वेगळी पद्धत आहे. तांबडा आणि पिवळा यांवर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. म्हणजे तोच ‘डेंजर’ एका डब्यावर सर्वांत वरचा आणि दुसऱ्या डब्यावर खालून दुसरा. मराठीत दोन्हीकडे ‘धोका’ लिहून मोकळे झालो तर शेतकऱ्याने काय समजावे? इंदूर-ग्वाल्हेरकडे याला आणखी एक पदर आहे. इथल्या हिंदी वाचकाला ‘धोका’ म्हणजे फसवणूक. त्याचा शब्द ‘ख़तरा’. दोन भाषांच्या पाटीवर मी मराठीत ‘प्राणाला धोका’ असे पुरे लिहावे म्हणते. दोन्हीकडच्या वाचकाला मग अर्थ चुकत नाही.

युरोपच्या नियमाला जोडलेल्या तक्त्यात ही सर्व विधाने तिथल्या अधिकृत भाषांत शब्दशः ठरवून दिली आहेत. मराठीत आपण ती ज्याला जशी सुचतील तशी लिहितो. त्यातून ‘श्वसन-संवेदीकारक’ असे शब्द जन्मतात. मिथिल आयसोसायनेटला ते लागू आहे, पण त्याऐवजी ‘एकदा श्वासात गेल्यावर पुढे थोड्यानेही दमा उठू शकतो’ असे लिहिले तर कामगाराला कळते. ‘संक्षारक’ पाठ्यपुस्तकात राहू द्या, पिंपावर ‘कातडी व डोळे जाळणारे’ लिहा.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-ब आले. धोकादायक कारखान्याने आपल्या द्रव्यांची माहिती कामगारांबरोबर आसपासच्या जनतेलाही द्यावी, असे त्यात सांगितले होते. ती माहिती जनतेच्या भाषेत आली तरच पोचते. वर्गात मी विद्यार्थ्यांकडून असा एक फलक लिहून घेते, चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येईल असा. मिथिल आयसोसायनेटसाठी आमचा सध्याचा पाठ असा आहे: ‘प्राणाला धोका. आत पटकन पेटणारा द्रव आहे. याची वाफ श्वासात गेल्यास जीव जातो. वास येण्याआधीच अपाय होतो. वाफ जमिनीलगत पसरते, खाली झोपू नका. भोंगा वाजला तर वारा ज्या दिशेने वाहत असेल त्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवे जा. नाकातोंडावर ओला कपडा धरा. डोळे भरपूर पाण्याने धुवा. टाकीवर किंवा नळ्यांवर पाणी ओतू नका, ते काम कारखान्याच्या माणसांचे आहे.’ ‘वाऱ्याला आडवे’ हे शब्द सगळ्यांना लगेच कळत नाहीत, असे मुलांचे म्हणणे आहे. बाण काढलेले चित्र जोडावे की शब्दच बदलावेत, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.