रूपांतरित चित्रफितीतील हरपलेला ध्वनी : शोध व उपाय

प्रास्ताविक

शाळेच्या संग्रहातील जुन्या चित्रफिती नव्या दूरचित्रवाणी संचावर दाखविता याव्यात म्हणून त्यांचे रूपांतर करण्याचे काम आता पुष्कळ शाळांतून होऊ लागले आहे. हे काम करीत असता एक अडचण वारंवार अनुभवास येते. रूपांतर पूर्ण झाल्याचा संदेश संगणकावर उमटतो, चित्रही स्वच्छ दिसते. परंतु ध्वनी मुळीच ऐकू येत नाही. अशा वेळी फाईल बिघडली असे समजून ती टाकून देण्याकडे मनाचा कल होतो. हा कल घातक आहे. ध्वनी न उमटण्याची कारणे मोजकीच असून ती क्रमाने तपासल्यास शिक्षकास स्वतः शोधून काढता येतात. तो क्रम समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

एक प्रसंग

एका खेड्यातील प्राथमिक शाळेत इयत्ता चौथीच्या वर्गाने गावातील जुन्या ओव्या गोळा करण्याचा उपक्रम हाती घेतला होता. एका विद्यार्थिनीच्या आजीने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या आणि वर्गशिक्षिकांनी त्या आपल्या साध्या भ्रमणध्वनीवर चित्रित केल्या. पुढे काही वर्षांनी आजी वारल्या. शाळेस मोठा दूरचित्रवाणी संच मिळाला, तेव्हा ती चित्रफीत स्नेहसंमेलनात दाखवावी असे ठरले. फाईल थ्रीजीपी या जुन्या प्रकारची होती. संचावर ती चालेना, म्हणून एका रूपांतर-प्रणालीच्या साह्याने तिची एमपीफोर फाईल करण्यात आली.

संमेलनाच्या दिवशी पडद्यावर आजी दिसल्या. जात्याचा खुंटा फिरत होता, ओठ हलत होते, आणि आवाज नव्हता. आजींची धाकटी नात आता त्याच शाळेत शिकत होती. ती बाईंजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आजी गात का नाही?" बाईंजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. मूळ फाईल मात्र जुन्या मेमरी कार्डात अद्याप शिल्लक होती, हेच सुदैव.

तत्त्व

चित्रफितीची फाईल म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. ती एक लखोटा आहे. त्या लखोट्यात निदान दोन कागद असतात : एक चित्राचा व दुसरा ध्वनीचा. यांना प्रवाह असे म्हणतात. एमपीफोर, एव्हीआय, थ्रीजीपी ही लखोट्यांची नावे होत. आतील प्रत्येक कागद कोणत्या लिपीत लिहिला आहे ही गोष्ट निराळी. त्या लिपीस कोडेक म्हणतात. एका लखोट्यात चित्राचा कागद एका लिपीत व ध्वनीचा कागद दुसऱ्या लिपीत असणे, हा नित्याचाच प्रकार आहे.

समजा, एखाद्या घराण्याच्या दप्तरातील लखोट्यात एक कागद बाळबोध लिपीत व दुसरा मोडीत आहे. नक्कल करणाऱ्या लेखनिकास मोडी येत नसेल, तर तो दुसरा कागद गाळून पहिल्याचीच नक्कल करील. दुसरा एखादा लेखनिक मोडी कागद जसाच्या तसा नव्या लखोट्यात घालील. मग तो घरी नेल्यावर वाचणाऱ्यास वाचता येणार नाही. पहिल्या प्रकारात कागदच आला नाही. दुसऱ्या प्रकारात कागद आला, पण वाचता आला नाही. दोन्ही वेळा परिणाम एकच, शांतता. उपाय मात्र निरनिराळे आहेत. म्हणून प्रथम लखोटा उघडून आत कागद किती आहेत ते पाहावे.

तपासणीचा क्रम

(१) यंत्राची तपासणी. ज्या फाईलचा ध्वनी ऐकू येतो हे निश्चित ठाऊक आहे, अशी दुसरी फाईल त्याच संचावर लावावी. तीही निःशब्द असेल तर दोष फाईलीत नाही. एचडीएमआय तारेने प्रक्षेपक जोडला असता संगणक कित्येकदा ध्वनीही त्याच तारेतून पाठवितो, आणि प्रक्षेपकास ध्वनिवर्धक नसतो. अशा वेळी संगणकातील ध्वनीचा मार्ग बदलावा.

(२) प्रवाहांची मोजणी. व्हीएलसी या विनामूल्य प्रणालीत फाईल उघडून 'टूल्स' या यादीतील 'कोडेक इन्फर्मेशन' हे पान पाहावे. तेथे प्रत्येक प्रवाह स्वतंत्र दाखविलेला असतो. प्रथम मूळ फाईल व नंतर रूपांतरित फाईल अशी दोहोंची मोजणी करावी. मूळ फाईलीत ध्वनीचा प्रवाह असून रूपांतरितात नसेल, तर तो रूपांतराच्या वेळी गळाला. दोहोंत नसेल, तर चित्रणाच्या वेळीच ध्वनी नोंदला गेला नव्हता.

(३) लिपीची ओळख. दोन्ही फाईलींत ध्वनीचा प्रवाह असेल, तर रूपांतरित फाईलीतील त्याच्या कोडेकचे नाव वाचावे. डीव्हीडीवरून उतरविलेल्या चित्रफितींत ते पुष्कळदा एसी-थ्री असे आढळते. संगणकावर व्हीएलसीने तो ध्वनी ऐकू येतो, पण अनेक भ्रमणध्वनींना व काही दूरचित्रवाणी संचांना ही लिपी वाचता येत नाही. शिवाय एका डीव्हीडीत ध्वनीचे ८ पर्यंत प्रवाह असू शकतात. त्यांपैकी भलताच निवडला गेल्यास परभाषेतील निवेदन ऐकू येते.

उपाय

ध्वनी गळाला असो वा अपरिचित लिपीत असो, मूळ फाईलकडे परतावे व तेथूनच नव्याने रूपांतर करावे. निःशब्द फाईलचे पुन्हा रूपांतर करून ध्वनी येत नाही. ज्या लखोट्यात कागदच नाही, त्याच्या कितीही नकला केल्या तरी तो कागद मिळावयाचा नाही. व्हीएलसीच्या रूपांतर-मांडणीत 'ऑडिओ कोडेक' या पानावर 'ऑडिओ' ही खूण केलेली असावी, आणि 'मूळ ध्वनिप्रवाह तसाच ठेवा' अशा अर्थाची जी खूण तेथे असते ती काढून टाकावी. कोडेक म्हणून एएसी निवडावे. सन १९९७ मध्ये प्रमाणित झालेली ही लिपी आजची बहुतेक सर्व यंत्रे वाचू शकतात. हँडब्रेक ही प्रणाली वापरीत असल्यास 'ऑडिओ' पानावरील यादी रिकामी नाही, याची खात्री करून मगच रूपांतरास आरंभ करावा.

फाईलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलणे म्हणजे रूपांतर नव्हे. लखोट्यावरील नाव पुसून दुसरे लिहिल्याने आतील लिपी बदलत नाही.

वर सांगितलेल्या शाळेत याच क्रमाने तपासणी झाली. यंत्र निर्दोष होते. मूळ फाईलीत दोन प्रवाह आढळले. रूपांतरित फाईलीत एकच. मूळ ध्वनी एएमआर या पद्धतीचा होता. ही पद्धत दूरध्वनीवरील संभाषणासाठी योजलेली असून जुने भ्रमणध्वनी चित्रणातही तिचा उपयोग करीत. वापरलेल्या प्रणालीस ती येत नव्हती; तिने ध्वनी मुकाट्याने गाळला व काम पूर्ण झाल्याचे कळविले. दुसऱ्या प्रणालीने मूळ फाईलवरून एएसी ध्वनीसह रूपांतर करताच ओव्या ऐकू आल्या. आवाज थोडा पातळ होता. दूरध्वनीसाठीची ती पद्धत एका सेकंदात ध्वनीचे केवळ ८,००० नमुने घेते, आणि मुळात जे नोंदले गेले नाही ते रूपांतराने मिळत नाही. तरी शब्द स्पष्ट होते, जात्याची घरघरही होती. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी ती चित्रफीत पुन्हा लावण्यात आली. नात पुढे बसली होती. ओवी संपली तेव्हा ती म्हणाली, "ही माझी आजी."

घ्यावयाची दक्षता

रूपांतर पूर्ण झाल्याचा संदेश म्हणजे काम बरोबर झाल्याचा दाखला नव्हे. नवी फाईल ज्या यंत्रावर दाखवावयाची, त्याच यंत्रावर ती आरंभी, मध्ये व शेवटी ऐकून पाहावी. तोपर्यंत मूळ फाईल पुसू नये, आणि त्यानंतरही ती निदान दोन ठिकाणी जतन करावी. जागा वाचविण्यासाठी मूळ पुसून रूपांतरित ठेवण्याची सवय सर्वस्वी त्याज्य समजावी. पाठ्यविषयाची चित्रफीत पुन्हा मिळू शकते. गावातील वृद्धांचा आवाज पुन्हा मिळत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या संग्रहातील कोणत्याही तीन चित्रफितींतील प्रवाह मोजून त्यांचे कोडेक वहीत नोंदवा.

२. संगणकावर ध्वनी ऐकू येतो, दूरचित्रवाणी संचावर येत नाही. कोणत्या क्रमाने तपासणी कराल?

३. ज्यांच्या मूळ प्रती एकाच ठिकाणी आहेत, अशा चित्रफितींची यादी करून पुढील शिक्षण परिषदेस येण्यापूर्वी त्यांची दुसरी प्रत तयार करा.